बॅकहँड शिकताना कोपर का दुखते?

टेनिस शिकायला लागल्यावर महिना-दीड महिन्यात काहींच्या कोपराची बाहेरची बाजू दुखू लागते. चहाचा कप उचलताना, कुलूप उघडताना कळ येते. हाच 'टेनिस एल्बो'. खरे तर याचे बहुतेक रुग्ण टेनिस खेळत नाहीत. मुकुंदवाडीतल्या माझ्या दवाखान्यात चिकलठाणा एमआयडीसीत दिवसभर पाना फिरवणारे कामगार आणि कपडे पिळणाऱ्या गृहिणी हे दुखणे घेऊन येतात. क्रिकेटपटू सचिन तेंडुलकरलाही २००४ मध्ये यानेच मैदानाबाहेर बसवले होते.

असे का होते?

मनगट वर उचलणारे स्नायू टेंडनने कोपराच्या बाहेरच्या हाडाला जोडलेले असतात. एका हाताने बॅकहँड मारताना नवशिका खेळाडू कोपर पुढे काढतो आणि मनगट आत वाकवतो. चेंडूचा धक्का मग खांद्याऐवजी या ताणलेल्या टेंडनवर बसतो. रोजच्या शेकडो फटक्यांनी ते झिजते.

शिकताना काय सांभाळावे? (उजव्या हाताने खेळणाऱ्यांसाठी)

- सुरुवात दोन हातांच्या बॅकहँडने करा. उजवा हात मुठीच्या टोकाकडे, डावा त्याच्या वर. फटक्याचा जोर डाव्या हाताने द्या.
- चेंडू येताना दिसताच आधी खांदे आणि कंबर वळवा, मग रॅकेट मागे न्या.
- चेंडू शरीराच्या पुढे असतानाच मारा. उशीर झाला की मनगट वाकते.
- रॅकेट घट्ट आवळू नका. मुठीत धरल्यावर बोटांची टोके आणि तळवा यांच्यामध्ये दुसऱ्या हाताचे एक बोट मावले पाहिजे.
- मुलांना लाल, नारिंगी, हिरवे हळू चेंडू द्या. लाल चेंडू नेहमीच्या चेंडूपेक्षा सुमारे ७५ टक्के हळू असतो.

दुखू लागले तर?

तळवा खाली ठेवून खुर्ची उचलून पाहा. कोपराच्या बाहेर कळ आली तर बॅकहँड काही आठवडे थांबवा. दुखणे सहन करत खेळू नका. दुखऱ्या जागी कापडात गुंडाळलेला बर्फ दहा मिनिटे लावा. कळ ओसरल्यावर व्यायाम सुरू करा: हात टेबलावर, मनगट टेबलाबाहेर, तळवा खाली. हातात अर्धा लिटर पाण्याची बाटली घ्या. दुसऱ्या हाताच्या मदतीने मनगट वर उचला आणि मग आधार सोडून सावकाश खाली आणा. असे दहा वेळा.

स्टेरॉइडच्या इंजेक्शनने लवकर आराम पडतो, पण दुखणे उलटण्याची शक्यता वाढते. त्यामुळे त्याची घाई नको. रक्तदाब, मूत्रपिंडाचा किंवा अॅसिडिटीचा त्रास असेल तर वेदनाशामक गोळ्या स्वतःच्या मनाने घेऊ नका. बहुतेकांचे दुखणे वर्षभरात शस्त्रक्रियेशिवाय बरे होते.

बोटांना मुंग्या, कोपराला सूज, ताप, किंवा पडल्यानंतर हात सरळ न होणे, यांपैकी काही असेल तर डॉक्टरांना लगेच दाखवा. लहान मुलाचे कोपर दुखत असेल तर तेही दाखवा. वाढत्या हाडांचा त्रास वेगळा असतो.