तक्रार एकच, दुखणी दोन

‘रेंज नाही’ ही तक्रार पाटण-जावळीच्या डोंगरात ऐकू येते, तशीच सांगली-मिरजेच्या भर पेठेतही. दोन्हीकडे मागणी एकच : टॉवर वाढवा. डोंगरात ती रास्त आहे; शहरात मात्र निम्मीच खरी ठरते.

साताऱ्याच्या अजिंक्यताऱ्यावर दूरदर्शनचा मनोरा आहे. प्रक्षेपणाला उंची हवीच. लहर जितकी लांब पोहोचेल तितके बरे. मोबाइलचा हिशेब उलटा. बेल प्रयोगशाळेतील डी. एच. रिंग यांनी डिसेंबर १९४७ च्या टिपणात मुलखाचे लहान लहान सेल पाडण्याची कल्पना मांडली. प्रत्येक सेलला स्वतःचा प्रक्षेपक द्यायचा आणि पुरेसे अंतर राखून तीच वारंवारिता पुन्हा वापरायची. मोजक्या वारंवारितांवर कोट्यवधी फोन चालतात ते यामुळेच. मात्र त्याच वारंवारितेवरच्या दुसऱ्या टॉवरची लहरही आपल्या फोनपर्यंत येते आणि हव्या संदेशात मिसळते.

जुन्या जाळ्यांत सात-सात सेलचे गट करून हा उपद्रव आवरला जाई. समान वारंवारितेचे टॉवर मग सेलच्या त्रिज्येच्या सुमारे ४.६ पट अंतरावर राहत. फोर-जीत ही चैन उरली नाही. शेजारी-शेजारी टॉवर सर्रास एकच वारंवारिता वापरतात.

मग संदेश नीट मिळण्याचा भरवसा किती? जेफ्री अँड्र्यूज, फ्रान्स्वा बाचेली आणि राधाकृष्ण गंटी यांनी २०११ मध्ये याचे गणित मांडले. टॉवर आखीव षटकोनांत न धरता त्यांनी वाटेल तसे विखुरलेले मानले. आपल्याकडेही, जिथे गच्ची भाड्याने मिळते तिथे टॉवर उभा राहतो! अंतर दुप्पट झाले की लहरीची ताकद सोळाव्या हिश्श्यावर येते असे धरले, तर जवळच्या टॉवरची लहर बाकी साऱ्यांच्या बेरजेपेक्षा वरचढ असण्याची शक्यता सुमारे ५६ टक्के निघते. टॉवर दुप्पट केले तरी ५६च. आपला टॉवर जवळ येतो, तसे उपद्रवीही जवळ येतात. प्रत्येकाने ताकद वाढवली तरी तेच. समोरासमोरच्या दोन गणेश मंडळांनी आवाज चढवत नेला, तर कोणाचेच गाणे नीट ऐकू येत नाही. टॉवर वाढवण्याचा फायदा एवढाच की एका टॉवरवरचे ग्राहक कमी होतात आणि प्रत्येकाच्या वाट्याला जास्त वेग येतो.

कृष्णाकाठच्या सपाटीत लहरीला अडवणारे फारसे काही नाही. तिथे अँटेना खाली झुकवणे, ताकद आवरणे, शेजारच्या टॉवरांनी वेळा वाटून घेणे हे उपाय अधिक कामाचे. कोयनेच्या खोऱ्यात मात्र डोंगर उपद्रव थोपवतो, तसा हवा तो संदेशही. तिथे दुखणे लहर न पोहोचण्याचे असल्याने नवा टॉवर थेट उपयोगी पडतो. जुलै २०२२ मध्ये केंद्राने देशातल्या अशा २४,६८० गावांत फोर-जी नेण्यासाठी २६,३१६ कोटींची योजना मंजूर केली.

पण एकाच टॉवरवरचे गाव वीज गेली, बॅटरी संपली की मुके होते. शहरात एक टॉवर बंद पडला, तर त्याचे फोन शेजारचा सांभाळू शकतो. एरवी त्रास देणारी शेजारच्याची लहर अशा वेळी आधार होते. म्हणून ती पुरती पुसून टाकणेही परवडत नाही. ऑगस्ट २०१९ च्या महापुरासारख्या संकटात सांगलीला हा आधार मिळायचा, तर शेजारी-शेजारी टॉवर एकाच पूररेषेत, एकाच वीजवाहिनीवर असून चालणार नाही.

पाटणच्या ग्रामसभेने टॉवर मागावा आणि त्यासोबत दुसरी वीजसोयही. सांगलीने मात्र आहेत ते टॉवर किती उंच, कुठे झुकलेले आणि पुरात कितपत टिकणारे, याचा हिशेब कंपन्यांकडे मागावा.