मक्त्याची नदी आणि नात्याची नदी

न्यूझीलंडच्या उत्तर बेटावर टोंगारिरो पर्वताच्या उतारावर उगम पावणारी व्हांगानुई नदी सुमारे 290 किलोमीटर वाहून समुद्रास मिळते; आणि भिलाईच्या पश्चिमेस, दुर्ग शहराच्या कडेने उत्तरेकडे जाणारी आमची शिवनाथ, अंबागड चौकीकडील पानाबरसच्या टेकड्यांपासून शिवरीनारायणजवळच्या महानदीसंगमापर्यंत मोजली, तर तिचीही लांबी जवळजवळ तितकीच भरते. परंतु एकीच्या पाण्यावर देशोदेशीचे प्रवासी कयाक वल्हवीत दिवसचे दिवस घालवितात, आणि दुसरीच्या काठचे आपण पुलावरून तिला हात जोडून पुढे जातो. या भेदाचे मूळ शोधण्यासाठी हा लेख.

तौमारुनुईपासून पिपिरिकीपर्यंतचा व्हांगानुईवरील जलमार्ग 145 किलोमीटरांचा असून तो पार करण्यास साधारण पाच दिवस लागतात. आणि हा प्रवास पाण्यावरचा असूनही त्या देशाने आपल्या श्रेष्ठ पदभ्रमणमार्गांच्या यादीत त्याला सन्मानाने स्थान दिले आहे. कयाक ही मूळची उत्तर ध्रुवाकडील इन्युइट शिकाऱ्यांची, सीलच्या कातड्याने मढविलेली होडी. तीत बसणाऱ्याची कंबर जवळजवळ पाण्याच्या पातळीवर येते, आणि त्यामुळे नेच्यांनी झाकलेले उंच कडे, भोवऱ्याची चाहूल, प्रवाहाचा बदलता वेग ही सारी त्याला अंगाने कळू लागतात. काठावरून नदी दिसते. तिची ओळख मात्र पाण्यावर उतरल्यावाचून होत नाही.

ही ओळख तेथील माओरी लोकांना पिढ्यान्‌पिढ्या होती. त्यांच्या 'वाका' नावाच्या लाकडी होड्या याच पाण्यावरून चालत. पुढे 1892 पासून हौशी प्रवाशांना घेऊन आगबोटी चालू लागल्या, आणि विसाव्या शतकाच्या उत्तरार्धात विजेसाठी उगमाकडचे पाणी वळविण्यात आले. नदीच्या पात्रावरील आपल्या हक्कासाठी माओरींनी 1938 मध्ये न्यायालयात दाद मागितली. तो लढा पुढे विविध रूपांनी चालू राहिला आणि अखेर 2017 च्या कायद्याने व्हांगानुईला, उगमापासून समुद्रापर्यंत, कायदेशीर व्यक्तीचा दर्जा मिळाला. ज्यांनी तिच्यावर पिढ्यान्‌पिढ्या वल्ही मारली, त्यांनीच तिची बाजू मांडली, हे मला विशेष अर्थपूर्ण वाटते.

आता आपल्या मुलुखाकडे वळू. नागपूरकर भोसल्यांचा अंमल 1741 च्या स्वारीनंतर छत्तीसगडावर बसला. त्यांचे राज्य खालसा झाल्यावर मध्य प्रांताचा कारभार पाहणाऱ्या रिचर्ड टेंपल यांनी 1863 मध्ये महानदी व तिच्या उपनद्यांवर एक स्वतंत्र अहवालच सिद्ध केला आणि त्यात नौकानयन, व्यापार व पाटबंधारे यांचा विचार केला. म्हणजे त्या काळच्या दप्तरात या नद्या वाटा म्हणून नोंदलेल्या होत्या. पुढे 1887 मध्ये स्थापन झालेल्या बंगाल-नागपूर रेल्वेने माल रुळांवर नेला आणि जलमार्गांचे महत्त्व ओसरले. पात्रात उरला तो केवट आणि ढीमर यांचा डोंगा.

त्या डोंग्यावरही विसाव्या शतकाच्या अखेरीस संकट आले. दुर्गजवळच्या बोरई औद्योगिक क्षेत्राला पाणी पुरविण्यासाठी 1998 मध्ये शिवनाथचा सुमारे 23 किलोमीटरांचा पट्टा 22 वर्षांच्या कराराने एका खासगी कंपनीकडे सोपविण्यात आला. घाटाचा, बाजाराचा, जंगलाचा मक्ता आपल्याला ठाऊक होता; येथे वाहत्या नदीचाच मक्ता झाला, आणि काठच्या कोळ्यांना व शेतकऱ्यांना आपल्याच पाण्यावर परके व्हावे लागले. राज्याच्या विधानसभेच्या लोकलेखा समितीने 2007 मध्ये हा करारनामा रद्द करण्याची शिफारस केली. परंतु ज्या नदीवर शहरातील कोणी कधी उतरलेच नव्हते, तिच्यासाठी शहर हळहळले तरी किती?

भिलाईकरांसाठी हा प्रश्न परका नाही. सोव्हिएत देशाशी 1955 मध्ये झालेल्या करारातून उभ्या राहिलेल्या आमच्या पोलाद कारखान्याची तहान तांदुळा, गोंदली, खरखरा यांसारख्या जलाशयांतून मरोद्यास येणाऱ्या पाण्याने भागते. कालव्यातून आणि नळातून पाणी घरी येते, आणि ते कोणत्या नदीचे, हे मुलांना सांगावे लागते. म्हणून माझी सूचना अशी, की पावसाळा ओसरून पात्र शांत झाल्यावर, म्हणजे दिवाळीच्या सुमारास, दुर्गच्या घाटापासून खारून-शिवनाथच्या सोमनाथ संगमावरून, नांदघाट व प्राचीन मंदिरांचे अवशेष जपणाऱ्या मदकू बेटाला वळसा घालून महानदीपर्यंत टप्प्याटप्प्याचा जलप्रवास आखावा. बंधारे आडवे येतील तेथे होडी खांद्यावर घ्यावी, आणि वाटाड्या म्हणून डोंगा चालविणाऱ्या केवटालाच पुढे ठेवावे. कारण या नदीवरील त्याचा अधिकार कोणत्याही करारनाम्याहून जुना आहे. त्याच्या मागून जे वल्हवतील, त्यांना पुढच्या वेळी शिवनाथचा मक्ता ही दूरची बातमी वाटणार नाही.