तार लाल होते, पण जळत का नाही?

विजेची शेगडी जवळून पाहिली, तर तिच्या खाचांत वेटोळी केलेली तार बसवलेली दिसते. बटण दाबले की ती काही क्षणांत लाल होते. ही तार नायक्रोमची, म्हणजे साधारण ८० टक्के निकेल आणि २० टक्के क्रोमियम यांच्या संमिश्राची असते. अमेरिकेत अल्बर्ट मार्श यांना १९०६ साली या जातीच्या संमिश्रांचे पेटंट मिळाले आणि तेव्हापासून घरोघरीच्या शेगड्या, इस्त्र्या त्यावर चालत आल्या आहेत.

'शेगडीत नायक्रोमच का वापरतात?' हा परीक्षेतला ठरलेला प्रश्न. त्याचे उत्तरही ठरलेले : रोध जास्त, द्रवणांक जास्त आणि हवेत सहजासहजी ऑक्सिडीभवन होत नाही.

या उत्तराकडे जरा बारकाईने पाहू. नायक्रोम सुमारे १४०० अंश सेल्सिअसला वितळते. लोखंडाचा द्रवणांक १५३८ अंश, तर टंगस्टनचा ३४०० अंशांहून अधिक. नुसता द्रवणांकच पाहायचा, तर नायक्रोमचा नंबर शेवटचा! पण लोखंडी तार उघड्या हवेत लाल करत राहिलो, तर तिचे पापुद्रे सुटतात आणि ती बारीक होत तुटते. जुन्या पद्धतीच्या दिव्याची काच चालू असताना फुटली, तर आतली टंगस्टनची तार पाहता पाहता जळून जाते. म्हणजे खरी मदार तिसऱ्या कारणावर आहे. आणि नेमके तेच कारण आपण चुकीच्या शब्दांत सांगतो. नायक्रोमचे ऑक्सिडीभवन होते, आणि अगदी लगेच होते. तसे होते म्हणूनच तार टिकते.

करून पाहा

बाइंडिंगची साधी लोखंडी तार (जस्ताचा मुलामा नसलेली) आणि नायक्रोमच्या नव्या तारेचा तुकडा घ्या. नायक्रोमची तार विजेच्या वस्तू दुरुस्त करणाऱ्याकडे मिळते. दोन्ही तुकडे पॉलिशपेपरने घासून चकचकीत करा. चिमट्यात धरून बर्नरच्या ज्योतीत लाल होईपर्यंत तापवा, गार होऊ द्या. असे दहा वेळा करा. मग पांढऱ्या कागदावर धरून दोन्ही तारा वाकवा. लोखंडी तारेचे काळे पापुद्रे कागदावर पडतील. नायक्रोमची चमक गेलेली असेल, पण पापुद्रे पडणार नाहीत. तिला पुन्हा पॉलिशपेपर लावा. खाली धातू जसाच्या तसा!

दोन्ही तारांवर थर आला. एकीचा थर वाढत आणि सुटत गेला, दुसरीचा चिकटून राहिला. हा फरक कोठे ठरतो, हे पाहायचे तर अगदी सुरुवातीपासून निघायला हवे.

पहिला क्षण

आपल्या भोवतीच्या हवेतले रेणू दर चौरस सेंटीमीटरवर दर सेकंदाला सुमारे ३ × १०²³ वेळा आदळतात. त्यांतला साधारण पाचवा हिस्सा ऑक्सिजनचा. तेवढ्याच जागेत धातूचे पृष्ठभागावरचे अणू असतात फक्त १०¹⁵ च्या घरात. आदळलेला प्रत्येक ऑक्सिजन रेणू चिकटला असे धरले, तर ताजा पृष्ठभाग झाकला जायला सेकंदाचा एक कोटीवा भागही लागत नाही. म्हणजे पॉलिशपेपर उचलायच्या आधीच सुरुवात होऊन गेलेली असते.

नायक्रोमच्या पृष्ठभागावर पाचांतले जवळजवळ चार अणू निकेलचे. ऑक्सिजनची ओढ मात्र क्रोमियमला कितीतरी जास्त. तार तापली की दोघांचेही ऑक्साइड एकदमच तयार होऊ लागतात. निकेल संख्येने जास्त, शिवाय त्याचा ऑक्साइड भराभर वाढणारा. म्हणून सुरुवातीला त्याचीच सरशी दिसते. पण त्याच्या खाली क्रोमियम ऑक्साइडचे कण जागोजाग रुजतात, आडवे पसरतात आणि एकमेकांना भिडून सलग थर बनतो. एकदा तो सलग झाला की आतला निकेल अणू आणि बाहेरचा ऑक्सिजन यांची गाठ पडणे फार अवघड होते. निकेल ऑक्साइडची वाढ थांबते. यानंतर सगळा कारभार क्रोमियम ऑक्साइडच्या हाती. हा थर वाढतो, पण अतिशय सावकाश. आणि जसा जाड होतो तसा अधिकच सावकाश. जाडी दुप्पट व्हायला चौपट वेळ लागतो. असे का होते याचा सिद्धान्त कार्ल वाग्नर यांनी १९३३ साली मांडला.

थोडे क्रोमियम घातले तर?

विद्यार्थ्यांना विचारण्याजोगा प्रश्न असा : क्रोमियम २० टक्क्यांऐवजी चार-पाच टक्केच घालावे का? संरक्षण थोडे कमी मिळेल, एवढेच ना?

नाही. अशी तार शुद्ध निकेलपेक्षाही लवकर खराब होते!

कारण पाहू. निकेलचा ऑक्साइड वाढतो तो निकेलचे आयन त्या थरातून बाहेर सरकतात म्हणून. बाक भरलेल्या वर्गात कोणाला जागा बदलायची असेल, तर कुठेतरी एखादी जागा रिकामी हवी. निकेल ऑक्साइडच्या स्फटिकात अशा मोजक्याच रिकाम्या जागा असतात. त्यात क्रोमियमचे आयन शिरले की गणित बिघडते. निकेल आयनावर दोन धन प्रभार, क्रोमियमवर तीन. प्रभारांचा मेळ बसण्यासाठी क्रोमियमच्या दर दोन आयनांमागे निकेलची आणखी एक जागा रिकामी राहते. रिकाम्या जागा वाढल्या, निकेलची ये-जा वाढली, थर वेगाने जाड झाला. क्रोमियम इतके थोडे की त्याचे कण आत सुटे सुटे राहतात, सलग थर काही बनत नाही. सुटे कण की सलग थर, हे कोणत्या प्रमाणाला ठरते याचा हिशेबही वाग्नर यांनीच १९५९ साली दिला. प्रमाण पुरेसे वाढले की मगच वेग एकदम खाली येतो.

हे पाहतात कसे?

सेकंदाच्या कोटीव्या भागात घडणारी गोष्ट पाहायची, तर तिला सावकाश घडायला लावावे लागते. हवेच्या दाबाच्या दहा लाख कोटीव्या भागाइतका दाब राहील असे निर्वात पात्र केले, तर स्वच्छ केलेला पृष्ठभाग काही तास स्वच्छ राहतो. मग मोजून थोडा थोडा ऑक्सिजन आत सोडायचा.

पृष्ठभागावर क्ष-किरण टाकले की इलेक्ट्रॉन बाहेर पडतात. त्यांच्या ऊर्जेवरून अणू निकेलचा की क्रोमियमचा आणि तो ऑक्सिजनशी जोडलेला आहे की मोकळा, हे कळते. हे इलेक्ट्रॉन वरच्या काही नॅनोमीटरमधूनच बाहेर येऊ शकतात, त्यामुळे नेमकी हवी तेवढीच बातमी मिळते. स्वीडनचे काय सीगबान यांना या पद्धतीसाठी १९८१ चे नोबेल पारितोषिक मिळाले. शिवाय आता इलेक्ट्रॉन सूक्ष्मदर्शीतच किंचित वायू सोडून धातू तापवता येतो आणि ऑक्साइडचे कण रुजताना प्रत्यक्ष पाहता येतात. तांब्यावर अशी निरीक्षणे केली, तेव्हा दिसले की ऑक्साइड रंगाच्या हातासारखा सगळीकडे एकसारखा चढत नाही. आधी सुटी सुटी बेटे उगवतात, ती वाढतात आणि एकमेकांत मिसळतात.

तार शेवटी का तुटते?

थर आणि धातू तापल्यावर सारखे प्रसरण पावत नाहीत. शेगडी रोज तापते, निवते. थराला तडे जातात, तुकडे उडतात. उघड्या पडलेल्या जागी खालचे क्रोमियम नवा थर बनवते. पण दर वेळी तिथले क्रोमियम थोडे खर्ची पडते. ते पुरेनासे झाले की जखम भरत नाही आणि एक दिवस तार तिथेच तुटते. म्हणून चांगल्या तारेत थर घट्ट चिकटावा यासाठी सेरियमसारखे मूलद्रव्य अत्यल्प प्रमाणात मिसळतात. विमानाच्या जेट इंजिनातली तप्त पाती निकेलच्या संमिश्रांचीच असतात. तीही अशाच थराच्या भरवशावर फिरतात. तिथे तो थर मुख्यतः ॲल्युमिनियम ऑक्साइडचा असतो. शेगडी बंद पडली तर चहा राहील. तिथे मात्र प्रवाशांचे जीव त्या थरावर अवलंबून असतात.

तेव्हा पुढच्या वेळी उत्तर लिहून देताना तिसरे कारण थोडे बदलून देऊ या : 'तापताच नायक्रोमवर क्रोमियम ऑक्साइडचा पातळ, सलग व चिकट थर तयार होतो आणि पुढचे ऑक्सिडीभवन अतिशय मंद होते.' वाक्य थोडे लांबले खरे. पण मुलांनी तारा तापवून पाहिल्या असतील, तर ते पाठ करावे लागणार नाही.