विश्लेषण : नवा सिंथेसायझर घ्यावा की त्याचीच जुनी आवृत्ती?

नवे मॉडेल आले की जुन्याचा भाव उतरतो, हा मोबाइल आणि मोटारींचा नियम सिंथेसायझरला निम्माच लागू होतो. काही जुनी वाद्ये आज नव्यापेक्षा महाग आहेत, तर काही खरोखरच स्वस्तात मिळतात. मात्र विक्रेत्याला दिलेले पैसे हाच शेवटचा खर्च असेल, याची खात्री दोन्हींत नसते.

‘नवी आवृत्ती’ म्हणजे नेमके काय?

सिंथेसायझर विजेच्या कंपनांतून स्वर घडवतो. अॅनालॉग वाद्यात हे काम ट्रान्झिस्टर, कपॅसिटर आणि चिप यांच्या प्रत्यक्ष सर्किटमध्ये होते. डिजिटल वाद्यात तेच काम प्रोसेसर आकडेमोड करून करतो. रोलंड कंपनीचा ‘ज्यूनो-१०६’ हा १९८४चा सिंथेसायझर अॅनालॉग होता. त्याच घराण्यातले २०१९चे ‘जेयू-०६ए’ आणि २०२२चे ‘ज्यूनो-एक्स’ त्या आवाजाची डिजिटल नक्कल करतात. आडनाव एकच, आतला कारभार वेगळा.

उलट उदाहरण ‘प्रॉफेट-५’चे. डेव्ह स्मिथ यांनी कॅलिफोर्नियात १९७८ मध्ये आणलेले हे वाद्य २०२० मध्ये पुन्हा बाजारात आले, तेही अॅनालॉग रूपातच. जुन्या प्रॉफेटचे पाच आवाज एकमेकांशी तंतोतंत जुळत नसत, तापमान बदलले की स्वर किंचित सरकत. वादक त्यावर वैतागत, पण त्या सरकण्यातच त्याचा भरदारपणा होता. नव्या प्रॉफेटवर त्यासाठी ‘व्हिंटेज’ नावाचा नॉबच दिलेला आहे. तो फिरवला की वाद्य हवे तेवढे ‘म्हातारे’ होते! अशा ठिकाणी जुन्या नगासाठी जास्त पैसे मोजणे ही संग्राहकाची हौस झाली, संगीतकाराची गरज नव्हे.

जुने म्हणजे कमी, असे असते का?

नाही. यामाहाचा १९८३चा ‘डीएक्स-७’ हे याचे ठळक उदाहरण. स्टॅनफर्ड विद्यापीठातील जॉन चाउनिंग यांच्या एफएम संशोधनावर आधारलेल्या या वाद्याने ऐंशीच्या दशकातले चित्रपट आणि पॉप संगीत व्यापले होते. त्यात सहा ऑपरेटर, एका वेळी १६ स्वर आणि पूर्ण आकाराच्या ६१ पट्ट्या आहेत. यामाहाने २०१५ मध्ये ‘रिफेस डीएक्स’ आणला, त्यात चार ऑपरेटर, आठ स्वर आणि ३७ छोट्या पट्ट्या. नव्यात स्पीकर, इफेक्ट आणि यूएसबी आहे आणि तो बॅटरीवर चालतो. पण दोन्ही हातांनी वाजवणाऱ्याला तो खेळण्यासारखा वाटू शकतो. शिवाय डीएक्स-७ लाखोंच्या संख्येने खपल्यामुळे तो अजून दुर्मीळ झालेला नाही.

कोर्ग कंपनीचे दोन सिंथेसायझर तर एकमेकांपासून तीनच वर्षे दूर आहेत. २०१६चा ‘मिनिलॉग’ आणि २०१९चा ‘मिनिलॉग एक्सडी’. दोन्हींत चारच आवाज. एक्सडीमध्ये डिजिटल ऑसिलेटर आणि रिव्हर्बसारखे इफेक्ट वाढले. पण जुन्या मिनिलॉगमध्ये फिल्टर सौम्य किंवा तीव्र करण्याचा खटका होता, तो नव्यातून गेला. हा फरक जाहिरातीत दिसत नाही, वाजवताना कानाला कळतो. पहिलाच सिंथेसायझर घेणाऱ्याने असा एक पिढी मागचा, वापरलेला नग आधी शोधावा. त्याला अजून म्हातारपणाचे आजार लागलेले नसतात.

मग काही जुन्यांचे भाव का चढतात?

रोलंडचा ‘टीबी-३०३’ हा एकट्याने गिटार वाजवणाऱ्याला बेसची साथ मिळावी म्हणून काढलेला लहानसा डबा. १९८१ ते १९८४ या काळात तो जेमतेम दहा हजार निघाला आणि पडला. खऱ्या बेस गिटारसारखा तो वाजतच नव्हता. मग तो वापरलेल्या वस्तूंच्या दुकानांत स्वस्तात जाऊन पडला आणि शिकागोतल्या तरुणांच्या हाती लागला. त्यांच्या ‘फ्युचर’ या गटाचे ‘अॅसिड ट्रॅक्स’ १९८७ मध्ये आले आणि अॅसिड हाउस हा प्रकार रूढ झाला. त्याच्या पाच वर्षे आधी, १९८२ मध्ये, मुंबईतील चित्रपटसंगीतातले वादक चरणजितसिंग यांनी याच टीबी-३०३वर, टीआर-८०८ आणि ज्युपिटर-८ यांच्या साथीने, दहा रागांची डिस्को तालातली तबकडी काढली होती. तिची दखल जगाने घेतली ती २०१० मधल्या पुनर्प्रकाशनानंतर.

आज मूळ टीबी-३०३ला मूळ किमतीच्या कितीतरी पट भाव आहे. त्या भावात आवाजाचा वाटा थोडा आणि या कहाणीचा मोठा आहे. ज्यांना फक्त आवाज हवा, त्यांच्यासाठी रोलंडचा २०१६चा डिजिटल ‘टीबी-०३’ आहे, बेरिंजरचा स्वस्त अॅनालॉग ‘टीडी-३’ आहे.

चाळीस वर्षांच्या वाद्यात बिघडते काय?

खरा हिशेब इथे आहे. ज्यूनो-१०६च्या सहा आवाजांसाठी ८००१७ए या क्रमांकाच्या सहा चिप आहेत. त्यांच्यावर राळेसारखा लेप आहे. वर्षे गेली की हा लेप खराब होतो, त्यातून वीज झिरपू लागते आणि तो आवाज चरचरतो, अडकतो किंवा बंद पडतो. वाजवताना मधेच एखादा स्वर गायब होऊ लागला की समजावे. एक चिप गेली, तर तितक्याच वयाच्या उरलेल्या पाचांचाही भरवसा धरू नये. उपाय दोन : अॅसिटोनने लेप विरघळवणे किंवा नव्याने बनवलेल्या पर्यायी चिप बसवणे. हे काम झालेला ज्यूनो थोडा महाग मिळाला तरी घ्यावा. ‘एकदम ओरिजिनल, कधी उघडलेलाच नाही’ हे विक्रेत्याचे कौतुकाचे वाक्य या वाद्याबाबत धोक्याची सूचना आहे.

बाकी आजार सर्वच जुन्या वाद्यांचे. वीजपुरवठ्यातले कपॅसिटर सुकतात आणि आवाजात गुणगुण येते. सरकपट्ट्या खरखरतात, पट्ट्यांखालचे संपर्क दाद देत नाहीत. मुंबई-कोकणच्या दमट हवेत हे लवकर होते. आवाज जतन करणारी छोटी बॅटरी संपली की साठवलेले सगळे पुसले जाते. डीएक्स-७मध्ये ती चक्क डागून बसवलेली आहे, त्यामुळे बदलण्याआधी आवाजांची प्रत मिडीमार्गे संगणकावर घ्यावी लागते. कपॅसिटर, बॅटरी लॅमिंग्टन रोडवर मिळतात, ज्यूनोची चिप मात्र परदेशातून मागवावी लागते.

तरीही ऐंशीच्या दशकातील वाद्य उघडून दुरुस्त करता येते, सुटे भाग मोठे आहेत, सर्किटचे नकाशे उपलब्ध आहेत. अधिक अडचण त्यानंतरच्या, साधारण २००० ते २०१० मधल्या वाद्यांची. त्यांत कंपनीने खास बनवलेल्या चिप असतात आणि काहींना जोडीला संगणकावरचे सॉफ्टवेअर लागते. ते आजच्या संगणकावर चालत नसेल, तर निम्मे वाद्य गेलेच.

भारतातील खरेदीदाराने वेगळे काय पाहावे?

आपल्याकडे येणारी बरीच जुनी वाद्ये जपानी बनावटीची, काही थेट जपानच्या बाजारातून आणलेली. जपानमध्ये वीज १०० व्होल्टची, आपल्याकडे २३० व्होल्टची. फक्त पिन बदलून असे वाद्य भिंतीतल्या सॉकेटला जोडले, तर वीजपुरवठा जळतो. मागच्या पट्टीवर व्होल्टेज छापलेले असते, ते आधी वाचावे आणि योग्य क्षमतेच्या ट्रान्सफॉर्मरची किंमत धरावी. परदेशातून मागवल्यास वाहतूक आणि सीमाशुल्कही आलेच. दुसरी गोष्ट मिडीची. हा प्रमाण जोड १९८३ मध्ये आला. १९८२च्या ज्यूनो-६०ला तो नाही, त्यामुळे संगणकाशी जोडायला वेगळा परिवर्तक लागतो.

कोणी जुन्याच्या वाटेला जाऊच नये?

गणेशोत्सव-नवरात्रात ओळीने कार्यक्रम करणाऱ्या ऑर्केस्ट्रातल्या कीबोर्डवादकाने. टेम्पोतले धक्के, मंडपातली वीज आणि ऐनवेळचा बिघाड यांपुढे जुन्या आवाजाचे कौतुक टिकत नाही. त्याला वॉरंटी हवी, नवे घ्यावे. डीएक्स-७चा केवळ आवाज हवा असणाऱ्यानेही थांबावे, ‘डेक्स्ड’ हे मोफत सॉफ्टवेअर मूळ वाद्याचे आवाज उघडून वाजवते. घरी बसून ध्वनी घडवणाऱ्याची, रेकॉर्डिंग करणाऱ्याची गोष्ट निराळी. त्याने जुने जरूर घ्यावे, पण आधी दुरुस्त करणारा शोधावा, मग वाद्य.

पाहायला जाताना हेडफोन न्यावा आणि विक्रेत्याला वाद्य आधीच चालू करून ठेवू नका असे सांगावे. थंड वाद्य चालू करून तासभर वाजवावे, कारण कित्येक दोष तापल्यावरच उघड होतात. प्रत्येक पट्टी, प्रत्येक नॉब तपासावा. ज्यूनो-१०६ असेल तर ‘की ट्रान्सपोज’चे बटण दाबून धरून तो चालू करावा. वाद्य चाचणीच्या अवस्थेत जाते आणि पट्टी दाबली की सहापैकी कोणता आवाज वाजतो आहे, त्याचा क्रमांक पडद्यावर येतो. विक्रेता यालाच नकार देत असेल, तर भाव कितीही उतरवला तरी परत फिरावे.