सज्ञानाचे पालकत्व

अज्ञान मुलाच्या वतीने त्याचे आईबाप निर्णय घेतात, यात कोणाला काही विपरीत वाटत नाही. परंतु ज्या गृहस्थाने आयुष्यभर स्वतःचा संसार स्वतःच्या हिकमतीने चालविला, कर्ज काढून घर बांधले आणि ते फेडलेही, त्याने यापुढे कोठे राहावे, कोणाला भेटावे आणि बँकेतील स्वतःचाच पैसा कशापायी खर्चावा हे दुसऱ्या कोणी ठरवावयाचे, असा हुकूम जेव्हा एखादे न्यायासन देते, तेव्हा त्या हुकुमाचे वजन कारावासाच्या शिक्षेहून फारसे कमी नसते. स्मृतिभ्रंश, मेंदूला झालेली इजा, बौद्धिक अक्षमता किंवा तीव्र मनोविकार यांपायी असा हुकूम कधी कधी अपरिहार्य होतो, हे खरे. मात्र तो कोणत्या कसोटीवर द्यावा, किती काळापुरता द्यावा आणि त्या प्रसंगी वकिलाने नेमके कोणाच्या वतीने बोलावे, या प्रश्नांचा ऑस्ट्रेलियातील व्हिक्टोरिया राज्याने गेली चार दशके जो विचार केला आहे, तो आपल्याकडील वाचकांनी समजून घ्यावा असाच आहे.

त्या राज्याने 1986 साली कायदा करून सज्ञान व्यक्तींच्या पालकत्वासाठी एक स्वतंत्र मंडळ स्थापन केले आणि त्याच वेळी ‘पब्लिक अ‍ॅडव्होकेट’ हा अधिकारी नेमून अपंगांच्या हक्कांचे रक्षण त्याच्या अखत्यारीत दिले. 1 जुलै 1998 पासून मंडळाचे काम ‘व्हीकॅट’ या नावाने ओळखल्या जाणाऱ्या राज्याच्या दिवाणी व प्रशासकीय न्यायाधिकरणाकडे आले. पुढे संयुक्त राष्ट्रांनी 2006 साली अपंगांच्या हक्कांविषयीचा करार संमत केला. त्याच्या बाराव्या अनुच्छेदाने अपंगांनाही इतरांइतकीच कायदेशीर पात्रता आहे असे निःसंदिग्धपणे सांगितले, ऑस्ट्रेलियाने 2008 साली त्याला मान्यता दिली, आणि त्या तत्त्वाच्या प्रकाशात व्हिक्टोरियाने आपला कायदा नव्याने लिहिला. 2019 चा हा कायदा 1 मार्च 2020 पासून अमलात आहे. त्यातील परिवर्तन मूलगामी आहे. पूर्वी पालकाने त्या व्यक्तीचे ‘हित’ पाहावे अशी अपेक्षा असे. आता तिची इच्छा आणि आवडनिवड हीच निर्णयाची दिशा ठरविते, आणि गंभीर हानी टाळण्यासाठी आवश्यक असेल तरच ती बाजूला सारता येते.

कायद्याचा आरंभच प्रत्येक सज्ञान माणूस निर्णयक्षम आहे असे गृहीत धरून होतो. तो तसा नाही हे पुराव्याने सिद्ध व्हावे लागते. कसोटी चार अंगांची आहे: निर्णयाला लागणारी माहिती समजणे, ती आवश्यक तेवढी ध्यानात धरणे, तिचा तौलनिक विचार करणे, आणि आपला निर्णय शब्दांनी, खुणांनी वा अन्य मार्गाने कळविणे. एखाद्याचा निर्णय इतरांना अविचारी वाटला, एवढ्यावरून त्याची क्षमता गेली असे ठरत नाही. शिवाय ही क्षमता सरसकट मोजावयाची नसून विशिष्ट निर्णयापुरती मोजावयाची असते, आणि तीही त्या माणसाचे चित्त ज्या वेळी व ज्या वातावरणात स्थिर असेल त्या वेळी.

समजा, स्मृतिभ्रंश जडलेले एक वृद्ध आजोबा आहेत. घर विकून वृद्धाश्रमाची अनामत भरावी असे मुलाचे म्हणणे, तर बाबांना घरीच ठेवावे असे मुलीचे. संध्याकाळी त्यांना वार आठवत नाही, तारीख आठवत नाही, पण सकाळी चहानंतर कोणी शांतपणे विचारले, तर ‘मला माझ्या घरात राहायचे आहे, आंघोळीला मदत करणारा माणूस मिळाला तर पुरे,’ असे ते सांगतात, पुनःपुन्हा तेच सांगतात, आणि पडण्याचा धोका त्यांना समजावून दिला तर तो पत्करण्याची तयारीही दाखवितात. घराच्या विक्रीचा करारनामा, त्यातील रकमा आणि कर यांचा मेळ त्यांना घालता येत नाही, हे उघड आहे. अशा वेळी पैशाच्या व्यवहारापुरता व्यवस्थापक नेमावा आणि निवासाचा निर्णय त्यांचा त्यांच्याकडेच राहू द्यावा, हे शक्य आहे आणि कायद्याला अभिप्रेतही तेच आहे. त्याहून सौम्य मार्गही 2019 च्या कायद्याने खुला केला: निर्णय ज्याचा त्यानेच घ्यावयाचा, आणि माहिती गोळा करण्यास व ती समजावून देण्यास केवळ एक साहाय्यक पालक किंवा साहाय्यक व्यवस्थापक नेमावयाचा.

वकिलाच्या कसबाची आणि विवेकाची कसोटी येथेच लागते. या न्यायाधिकरणात पुराव्याचे काटेकोर नियम बंधनकारक नसतात. सदस्य स्वतः प्रश्न विचारून वस्तुस्थिती शोधतात, आणि ज्याच्याविषयी अर्ज आहे त्याची इच्छा व आवडनिवड जाणून घेणे हे त्यांचे कर्तव्य असते. साहजिकच, साक्षीदाराला उलटतपासणीत कोंडीत पकडण्याच्या विद्येला तेथे फारसा वाव नाही. वकिलाला बहुधा मुलगा बोलावतो, कागदपत्रे मुलगा आणतो, फीही मुलगाच देऊ करतो. म्हणून आपले अशील कोण, हा प्रश्न वकिलाने पहिल्याच भेटीत स्वतःला विचारून घेतला पाहिजे. अशील जर ते वृद्ध गृहस्थ असतील, तर त्यांची एकट्याने गाठ घेणे, आवश्यक तर दुभाषी बोलावणे, आणि आपल्याला त्यांचे हित कशात दिसते ते न सांगता त्यांना काय हवे आहे ते न्यायाधिकरणापुढे विशद करणे, हा त्याचा धर्म ठरतो. डॉक्टरच्या दाखल्यात केवळ रोगाचे नाव असेल तर तो अपुरा आहे. या माणसाला हा निर्णय समजतो का, आणि नीट समजावून दिल्यास समजेल का, याचे उत्तर त्यात हवे, आणि ते मिळविण्यासाठी डॉक्टरला योग्य प्रश्न लिहून पाठविणे हे वकिलाचेच काम.

पालक नेमला म्हणजे प्रकरण संपले असे नाही. हुकुमाचा फेरविचार साधारणतः वर्षाच्या आत आणि पुढे निदान दर तीन वर्षांनी होतो; व्यवस्थापकाला जमाखर्चाचा हिशेब द्यावा लागतो; घरचे योग्य माणूस नसेल तर अखेरचा उपाय म्हणून पब्लिक अ‍ॅडव्होकेटला पालक नेमले जाते. मृत्युपत्र करणे, विवाह करणे, मतदान करणे हे अधिकार कोणताही पालक दुसऱ्याच्या वतीने वापरू शकत नाही. ही सारी बंधने पालकाविषयीच्या अविश्वासातून आलेली नाहीत. दुसऱ्याच्या आयुष्यावर मिळालेली सत्ता, ती मायेच्या माणसाच्या हाती असली तरी, हिशेबाला बांधलेली असावी, या जाणिवेतून ती आली आहेत.

आपल्याकडे काय स्थिती आहे? व्हिक्टोरियात चित्त ठिकाणावर असताना करून ठेवलेले टिकाऊ मुखत्यारपत्र माणसाची क्षमता गेल्यावरही चालू राहते; 1872 च्या भारतीय करार कायद्याच्या 201 व्या कलमाप्रमाणे मात्र मुखत्यारपत्र देणाऱ्याचे चित्त बिघडताच मुखत्याराचा अधिकार संपतो, म्हणजे ज्या घडीला त्याची खरी गरज, त्याच घडीला तो कागद निरुपयोगी होतो. 1890 चा पालक व पाल्य कायदा अज्ञानांपुरता आहे. 1987 च्या मानसिक आरोग्य कायद्यात मिळकतीच्या व्यवस्थेचे एक प्रकरण होते. त्याच्या जागी आलेल्या 2017 च्या कायद्यात ते उरले नाही. 1999 च्या राष्ट्रीय न्यास कायद्याखाली स्थानिक समित्या पालक नेमतात, पण स्वमग्नता, सेरेब्रल पाल्सी, बौद्धिक अक्षमता आणि बहुविकलांगता यांपुरत्याच. परिणामी बेशुद्धावस्थेत पडलेल्या पतीच्या खात्यातून रुग्णालयाचे बिल भागविण्यासाठी पत्नीला उच्च न्यायालयाचे दार ठोठावावे लागते. न्यायालये संविधानाच्या 226 व्या अनुच्छेदाचा आधार घेऊन तिला दिलासा देतात, आणि केरळ उच्च न्यायालयाने 2019 साली अशा प्रकरणांसाठी मार्गदर्शक तत्त्वेही घालून दिली. परंतु जिल्ह्याच्या गावी राहणाऱ्या सामान्य कुटुंबाला तो मार्ग दूरचा आणि खर्चाचा आहे.

तत्त्वाची उणीव आपल्याकडे नाही. 2016 च्या दिव्यांग हक्क कायद्याचे चौदावे कलम मर्यादित पालकत्वाची कल्पना मांडते. ठरावीक निर्णयापुरते, ठरावीक काळापुरते, आणि त्या व्यक्तीच्या इच्छेला अनुसरून, दोघांनी मिळून घ्यावयाचे निर्णय असे तिचे स्वरूप आहे. उणीव आहे ती जिल्ह्याजिल्ह्यात सहज गाठता येईल अशा न्यायाधिकरणाची, क्षमता गेल्यावरही टिकणाऱ्या मुखत्यारपत्राची, आणि असहाय माणसाचे म्हणणे त्याच्याच शब्दांत मांडण्यास शिकलेल्या वकिलांची. महाराष्ट्रात वृद्धांची संख्या वाढत आहे आणि मुले परगावी वा परदेशी आहेत. तेव्हा हे तिन्ही घडवून आणण्याचे काम कायदेमंडळाने, बार असोसिएशनांनी आणि विधी महाविद्यालयांनी आता अंगावर घेतले पाहिजे, कारण स्मृती क्षीण झालेला माणूसही अखेरपर्यंत नागरिकच असतो, आणि त्याच्याविषयीचा निर्णय त्याला विचारल्यावाचून होऊ नये, एवढा हक्क तरी त्याला राज्याने दिलाच पाहिजे.