छप्पन अंशांचा धडा

३० मे २०२४ रोजी नागपुरातल्या एका स्वयंचलित हवामान केंद्राने ५६ अंश सेल्सिअस तापमान नोंदवलं आणि तो आकडा बघता बघता मोबाइलवरून गावभर झाला. दुपट्ट्याने तोंड झाकल्याशिवाय मे महिन्यात घराबाहेर न पडणाऱ्या नागपूरकरालाही ५६ पचेना. शहरातल्याच दुसऱ्या केंद्रावर पारा पंचेचाळिशीच्या आसपास होता. नंतर हवामान खात्याने खुलासा केला, की त्या केंद्राचा सेन्सरच बिघडला होता. शहर तापलेलं होतंच, पण त्या दिवशी थर्मामीटरही आजारी होता.

रोबोच्या हातावर नजर ठेवणारं सॉफ्टवेअर ज्यांना लिहायचं असतं, त्यांचा हा रोजचाच प्रश्न. आकडा विचित्र आला की बिघडलंय काय, यंत्र की यंत्राची खबर देणारा?

कारखान्यातला रोबो बहुधा एकच हात असतो. त्याला खांदा, कोपर, मनगट धरून साधारण सहा सांधे. प्रत्येक सांध्यात एक मोटर, तिचा वेग उतरवून जोर वाढवणारा गिअरबॉक्स, हात जागच्या जागी धरून ठेवणारा ब्रेक आणि सांधा किती वळला ते सांगणारा एनकोडर. कारखान्यातला पहिला रोबो हात, युनिमेट, १९६१ साली अमेरिकेत जनरल मोटर्सच्या न्यू जर्सीतल्या कारखान्यात तापलेले ओतीव भाग उचलायला लागला. आपल्याकडे टाटा समूहातल्या टाल मॅन्युफॅक्चरिंग सोल्यूशन्सने २०१७ मध्ये ‘ब्राबो’ विक्रीला आणला. एक २ किलो उचलणारा, दुसरा १० किलो, आणि किंमत तेव्हा ५ ते ७ लाखांच्या घरात. याच टालचा नागपूरच्या मिहानमध्ये कारखाना होता. तिथे बोइंग ७८७ ड्रीमलायनरच्या फरशीखालच्या तुळया बनत.

ब्राबोची ही किंमत सॉफ्टवेअर लिहिणाऱ्याच्या दृष्टीने महत्त्वाची. एवढ्या पैशात हात घेणारं गिऱ्हाईक म्हणजे लहान कारखानदार. त्याच्याकडे रोबोचा वेगळा इंजिनिअर नसतो, असतो तो पाळीवरचा ऑपरेटर. पडद्यावर नुसता चार आकडी कोड झळकला तर हिंगण्याच्या एमआयडीसीत काय संवाद होईल ते सांगायला नको. “काहून थांबला बे?” “अलार्म आला.” “रिसेट मार.”

हा ‘रिसेट मार’ देखरेखीचा खरा शत्रू. तो का जन्माला येतो, हे समजायला हाताच्या खांद्यापाशी थोडं थांबायला हवं.

खांद्याच्या सांध्यावर अख्ख्या हाताचं वजन. हात उचलायला मोटर किती करंट घेते, यावरून सांध्याची तब्येत कळते. सगळ्यात सोपी युक्ती म्हणजे एक मर्यादा ठरवून टाकायची. समजा, ६ अँपिअरच्या वर गेलं की अलार्म. आता नागपूरची हवा बघा. मे महिन्यात पारा पंचेचाळिशी ओलांडतो, तर डिसेंबर २०१८ मध्ये तो ३.५ अंशांपर्यंत उतरला होता. थंडीच्या पहाटे गिअरबॉक्समधलं ग्रीस घट्ट असतं, म्हणून तेच वजन उचलायला मोटर जास्त करंट ओढते. अर्धा-पाऊण तास हात चालला की ग्रीस सैल होतं आणि करंट आपोआप उतरतो. म्हणजे जानेवारीत पहिल्या पाळीला रोज अलार्म वाजणार आणि त्यात बिघाड काहीच नसणार. उलट उन्हाळ्यात ग्रीस आधीच पातळ. गिअरबॉक्स खरोखर झिजत असला तरी करंट मर्यादेच्या आत राहील आणि अलार्म गप्प बसेल. गरज नसताना ओरडणारा आणि गरज असताना डुलक्या घेणारा पहारेकरी कोणाला हवाय?

म्हणून जाणता लिहिणारा एका आकड्यावर भिस्त ठेवत नाही. हाताचं वजन, वेग, कोन आणि सांध्याचं तापमान यांवरून आत्ता किती करंट लागायला हवा, याचं गणित सॉफ्टवेअर सतत मांडत राहतं. प्रत्यक्ष करंट आणि हिशेबातला करंट यांत जी तफावत उरते, तिच्यावर नजर ठेवायची. तफावत महिनोन्‌महिने हळूहळू वाढत असेल तर झीज. एका क्षणात उसळली तर हात कशाला तरी आदळला.

पण हिशेबात घातलेला आकडाच खोटा असेल तर? इथे ५६ अंशांचा धडा कामी येतो. तो आकडा संशयास्पद ठरला, कारण त्याच शहरातला दुसरा साक्षीदार वेगळं सांगत होता. हातातही साक्षीदार एकमेकांसमोर उभे करावे लागतात. मोटरचं तापमान एका सेकंदात ४० वरून ९० वर गेलं, तर मोटर तापलेली नाही. धातू इतक्या घाईत तापत नाही, म्हणजे वायर सैल आहे. करंट उसळतोय पण एनकोडर म्हणतो सांधा हललाच नाही, तर दोन शक्यता: सांधा खरंच अडकलाय किंवा एनकोडरची केबल तुटलीय. निवाडा पुढे करता येईल. तोवर हात थांबवायचा.

थांबवायचं कसं, याचेही प्रकार आहेत. मोटरची वीज तत्काळ तोडायची, किंवा आधी शिस्तीत वेग उतरवून मग तोडायची, किंवा वीज चालू ठेवून हात जागीच रोखायचा. वीज तोडली की सगळी भिस्त ब्रेकवर. ब्रेक झिजला असेल तर वजन धरलेला हात खाली येतो. त्यामुळे ब्रेकचीही परीक्षा लागते. ब्रेक लावून ठेवायचा, मोटरने मुद्दाम ढकलून बघायचं आणि एनकोडरला विचारायचं, हललं का?

हे सगळं केलं तरी सॉफ्टवेअर म्हणजे कुंपण नव्हे. २५ जानेवारी १९७९ रोजी मिशिगनमधल्या फोर्डच्या ओतकाम कारखान्यात रॉबर्ट विल्यम्स हा कामगार रोबोच्या हाताच्या धडकेने मेला. रोबोच्या हातून माणूस मेल्याची ही पहिली नोंद. यंत्र सुट्या भागांचा हिशेब चुकीचा दाखवत होतं, म्हणून तो स्वतः मांडणीवर चढला होता. हात जवळ येतोय हे सांगणारी घंटा तिथे नव्हती. खोटी खबर माणसाला यंत्राच्या तोंडाशी घेऊन जाते, ती अशी.

नागपुरात हे काम शिकायचं तर व्हीएनआयटी आहे. १९६० सालचं विश्वेश्वरय्या प्रादेशिक अभियांत्रिकी महाविद्यालय ते हेच. तिथला आयव्हीलॅब्ज हा विद्यार्थ्यांचा गट रोबोंवर काम करतो. रोबोंच्या जगात ‘रोबॉट ऑपरेटिंग सिस्टीम’ नावाची जी मोफत प्रणाली सर्रास वापरतात, तिच्यात प्रत्येक भागाच्या तब्येतीचे चार शेरे आहेत: ठीक, सावधान, बिघाड आणि चौथा ‘शिळं’. बऱ्याच वेळात खबरच आली नाही, की शिळं. नवशिक्याचा घात इथेच होतो. तक्रार आली नाही म्हणजे सगळं ठीक, असं तो धरून चालतो. मुकाट बसलेला सेन्सर आणि समाधानी सेन्सर यांत फरक असतो. देखरेख करणाऱ्या सॉफ्टवेअरलाही हाच नियम. त्याने दर काही मिलिसेकंदांनी हजेरी लावायची, आणि हजेरी चुकली तर एका वेगळ्या सर्किटने हात थांबवायचा.

असं सॉफ्टवेअर तयार झालं की त्याची परीक्षा खोड्या काढून घेतात. चालत्या हाताची एनकोडर केबल उपटायची, ठरल्यापेक्षा जास्त वजन लटकवायचं, तापमानाच्या वायरीत खोटा आकडा सोडायचा. प्रत्येक खोडीला पडद्यावर काय उमटतं ते बघायचं. ‘दुसरा सांधा, झीज वाढतेय, या आठवड्यात ग्रीस तपासा’ हे वाक्य ऑपरेटरला चार आकडी कोडपेक्षा कितीतरी उपयोगी.

आणखी एक नोंद ठेवायला हवी, ती सहसा कोणी ठेवत नाही: कोणता अलार्म कितीदा वाजला आणि काहीही दुरुस्त न करता कितीदा नुसता रिसेट झाला. महिनाअखेर ती यादी काढावी. यादीत सगळ्यात वर असणारा बिघाड बहुधा हातात नसतो. तो सॉफ्टवेअर लिहिणाऱ्याच्या टेबलावर असतो.