आंकडे आणि अनुभव : मोबाईलच्या प्रोसेसरची पारख



बीडसारख्या शहरांतील मध्यम स्थितीच्या कुटुंबांत मोबाईल ही आतां केवळ चैनीची वस्तु राहिलेली नाहीं. मुलांचा अभ्यास, विजेचें बिल, बँकेचे व्यवहार आणि गांवाकडे शेती असल्यास पिकाची नोंद, हीं सारीं कामें त्यावरच होतात. नवा मोबाईल घेतांना दुकानदार ‘आठ कोअर, २.४ गिगाहर्ट्झ, ४ नॅनोमीटर’ असे आंकडे आपल्यापुढें ठेवतो. त्यांचा अर्थ काय आणि त्यांवर कितपत विसंबावें, हें पैसे मोजण्यापूर्वीं जाणून घेणें अगत्याचें आहे.

प्रथम गिगाहर्ट्झ घेऊं. प्रोसेसरमध्यें एक घड्याळ असतें व त्याच्या ठोक्यासरशीं काम एकेक पाऊल पुढें सरकतें. १ गिगाहर्ट्झ म्हणजे सेकंदाला १०० कोटी ठोके. परंतु एका ठोक्यांत काम किती उरकतें, हें त्या आंकड्यांत सांगितलेलें नसतें. २०१४ सालीं ॲपलच्या आयफोन ६ मधील ए८ या चिपला दोनच कोअर होते आणि तिचा वेग होता १.४ गिगाहर्ट्झ. त्याच काळांतील क्वालकॉमच्या स्नॅपड्रॅगन ८०१ ला चार कोअर व सुमारें २.५ गिगाहर्ट्झ वेग होता. तरीहि एकेका कोअरच्या कामगिरींत ए८ च सरस ठरली. तिचे ठोके कमी होते, पण प्रत्येक ठोक्यांतील काम अधिक होतें.

कोअरच्या संख्येचेंहि तसेंच आहे. आठ कोअर म्हणजे बहुधा आठ सारखे गडी नव्हेत. त्यांत दोन किंवा चार दमदार असतात. बाकीचे वीज वांचविण्यासाठीं ठेवलेले, बेताच्या शक्तीचे असतात. शिवाय जें काम वांटून घेतां येत नाहीं, तेथें एकजण राबतो व इतर बसून राहतात. राहिला नॅनोमीटर. हें आज चिपवरील एखाद्या भागाचें प्रत्यक्ष माप राहिलेलें नसून कारखान्याच्या निर्मितिपद्धतीचें नांव झालें आहे. दोन कारखान्यांचे ‘४’ सारखेच असतील असें नाहीं.

आतां आपल्या भागाचा विशेष मुद्दा, तो म्हणजे उष्णता. काम करतांना चिप तापते. मोबाईलमध्यें सहसा पंखा नसतो. म्हणून तापमान मर्यादेपलीकडे जाऊं लागलें कीं चिप स्वतःचा वेग स्वतःच कमी करते. २०१५ सालची स्नॅपड्रॅगन ८१० ही आठ कोअरची चिप याच कारणानें टीकेचा विषय झाली होती. आयफोन वापरतांना भोंवतालचें तापमान ० ते ३५ अंश सेल्सिअस असावें, असें ॲपलच सांगते. बीडला मे महिन्यांत पारा ४० च्या वर जाणें नित्याचें आहे. तेव्हां थंड खोलींत मोजलेला वेग आपल्या येथें दुपारीं पत्र्याच्या छताखालीं टिकेल, अशी अपेक्षा धरणें व्यर्थ होय.

कोणी म्हणेल, यासाठीं चांचणीचे गुण असतातच. पण परीक्षेच्या दिवशींच तयारी दाखविणारे विद्यार्थी येथेंहि आहेत. २०२२ सालीं सॅमसंगच्या कांहीं मोबाईलांत असें आढळलें कीं, नेहमींच्या अनेक ॲपांचा वेग आवरला जात होता, चांचणीच्या ॲपांचा मात्र नाहीं. परिणामीं गीकबेंच या चांचणीनें ते मोबाईल आपल्या यादींतून काढून टाकले.

मग मोबाईल मंद कां वाटतो? पुष्कळदां दोष प्रोसेसरचा नसतोच. स्वस्त मोबाईलांत साठवणीसाठीं ईएमएमसी जातीची चिप असते. ती एका वेळीं एकतर वाचते किंवा लिहिते. यूएफएस जातीची चिप दोन्ही कामें एकदम करते व कितीतरी वेगवान असते. बॅटरी जुनी होणें हेंहि एक कारण आहे. बॅटरी थकलेल्या जुन्या आयफोनांचा वेग आपण मर्यादित करतों, हें ॲपलनें डिसेंबर २०१७ मध्यें मान्य केलें; तेथें नवी बॅटरी घालतांच वेग परत येत असे.

पिकाच्या नोंदीचें उदाहरण घ्या. ई-पीक पाहणी १५ ऑगस्ट २०२१ पासून राज्यभर सुरू झाली. बांधावर उभें राहून छायाचित्र पाठवितांना ॲप अडलें, मुदत संपत आली, कीं नवा मोबाईल घेण्याचा विचार मनांत येतो. वास्तविक या कामांत प्रोसेसरचा वांटा थोडा आहे. जागा निश्चित करण्यास उपग्रहांचे संकेत लागतात, छायाचित्र जाण्यास टॉवरची रेंज लागते, आणि तें स्वीकारणाऱ्या दूरच्या संगणकावर त्याच वेळीं इतरांचीहि गर्दी असूं शकते. अशा वेळीं कॅमेरा व जुनीं छायाचित्रें झटपट उघडतात कीं नाहीं, हें पाहावें. तीं उघडत असतील, तर अडचण बहुधा मोबाईलच्या बाहेर आहे, आणि नव्या मोबाईलनेंहि ती सुटणार नाहीं.

म्हणून खरेदीच्या वेळीं साठवण कोणत्या जातीची, रॅम किती आणि सुधारणा किती वर्षें मिळणार, हें विचारावें. शक्य असल्यास ओळखीच्या घरीं तोच मोबाईल वर्षभर वापरलेला पाहावा, आणि त्यावर वीस मिनिटें सलग कॅमेरा व नकाशा चालवून तो किती तापतो व किती मंदावतो, हें स्वतः अनुभवावें. आंकड्यांची भाषा त्यानंतर वाचावी.